रजिस्टरवाले बाबाजी

परिक्रमेला निघताना माणसानं घर सोडायचं, दार सोडायचं, नाव-आडनाव सोडायचं आणि हुद्दा तर पहिल्याच घाटावर सोडायचा, असा दंडक आहे. घर बहुतेकांना सोडता येतं. घरचेही फारशी आडकाठी करत नाहीत. हुद्दा मात्र सुटत नाही. नर्मदेच्या काठानं जाणाऱ्या पांढऱ्या कपड्यांतल्या दाढीवाल्यांमध्ये निवृत्त मुख्याध्यापक लांबूनच ओळखू येतो, कारण तो पुढच्यांना रांगेत चालवत असतो. विमा एजंट ओळखू येतो, कारण तो साधूंना वय विचारतो. आणि लेखापरीक्षक तर अंधारातही ओळखू येतो. पहाटे साडेतीनला धर्मशाळेत टॉर्च लावून आकडे मांडणारा परिक्रमावासी दुसरा कोण असणार?

काका या शेवटच्या जातीचे. नाव त्यांनी खरोखरच सोडलं होतं. आम्ही त्यांना काका म्हणत होतो आणि आश्रमांतले सेवेकरी ‘रजिस्टरवाले बाबाजी’. सरकारी लेखापरीक्षेत नगरपालिका आणि जिल्हा परिषदांची दप्तरं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. ज्या गावात ते उतरायचे तिथला मुख्याधिकारी म्हणे आदल्या रात्री जेवत नसे. आता ते नर्मदामैया तपासायला निघाले होते.

त्यांची झोळी सात किलो चारशे ग्रॅमची. हे त्यांनी मला ओळख होताच सांगितलं. सामान तोलायचा आकडा असलेला छोटा काटा त्यांच्याजवळ होता, आणि त्या काट्याचं वजन झोळीत धरलेलं होतं. वैराग्य वाढलं की झोळी हलकी व्हावी या हिशेबानं ते दर एकादशीला ती तोलत. शूलपाणीच्या झाडीत ती सहा किलो नऊशेवर आली तेव्हा त्यांना फार समाधान झालं. मग ध्यानात आलं की नखं कापायचा संच मागच्या आश्रमात राहिलाय. ती घट त्यांनी ‘वैराग्य’मधून काढून ‘गहाळ’मध्ये टाकली.

पूजेच्या कुपीचंही तसंच. ओंकारेश्वरला संकल्प करताना कुपीत मैयाचं जल भरून घेतात आणि ती कुपी हीच वाटेतली देवी. रोज तिची पूजा, रोज तिला आरती. काकांनी कुपीवर बारीक चिकटपट्टी लावून पाण्याची रेघ आखलेली. रेवासागर संगमाला अर्धं जल समुद्रात ओतून तेवढंच समुद्राचं घेतात. तेव्हा नावेत सगळे हात जोडून, डोळे मिटून बसले होते आणि काका रेघेकडे बघत ‘थोडं आणखी… पुरे’ म्हणत होते.

त्यांच्या खऱ्या रजिस्टरात मात्र यांपैकी काहीच नव्हतं. ते होतं अनुभवांचं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. इतर प्रांतांतली माणसं परिक्रमा करायला येतात. आपण मराठी माणसं पुस्तक वाचून येतो. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ जुन्या पिढीनं वाचली, मग जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ आलं, भारती ठाकुरांचं आलं, आणि आता तर सोसायटीच्या प्रत्येक इमारतीत एक परिक्रमा करून आलेला आणि दोन निघालेले असतात. पुस्तकात अनुभव असतात. भुकेनं जीव कासावीस झाला असताना कुठूनशी म्हातारी येते, भाकरी देते, आणि चार पावलं जाऊन वळून बघावं तर दिसत नाही. वाट चुकली की एक लहान मुलगी हात धरून रस्त्याला लावते. शूलपाणीत कपाळाला चिंधी बांधलेला धिप्पाड माणूस जखमेसाठी तेल मागतो, तो अश्वत्थामा. आता पुस्तकात आलंय म्हटल्यावर आपल्यालाही यायला नको का? घरून फोन येतो तो ‘पाय कसे आहेत’ असा नसतो, ‘काही अनुभव?’ असा असतो. परत गेल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात पडद्यावर फोटो दाखवून बोलायचं असतं. नुसते पायाचे फोड पडद्यावर किती वेळ दाखवणार?

काकांनाही अनुभव हवा होता. मी तर म्हणेन, आमच्यात सगळ्यात जास्त त्यांनाच हवा होता. पण उभ्या जन्मात दुसऱ्यांची खोटी बिलं ज्यांनी नामंजूर केली, त्यांना स्वतःचं बिल मंजूर करवेना. रजिस्टरात रकाने होते: अनुक्रमांक, दिनांक, ठिकाण, अनुभवाचे स्वरूप, साक्षीदार, शेरा. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद. नमुन्यादाखल:

‘शूलपाणीची झाडी. काळा कुत्रा सकाळपासून पुढे चालून वाट दाखवीत होता. साक्षीदार तीन. शेरा: कुत्रा पुढील पाड्यावरील असून स्वतःच्या घरी जात होता. अमान्य.’

‘उत्तर तट. पहाटे ध्यानात ओंकारध्वनी. साक्षीदार नाही. शेरा: धर्मशाळेमागील पाण्याची मोटार. अमान्य.’

‘उत्तर तट. गूळ खाण्याची इच्छा मनात येताच पुढील घरी गूळ मिळाला. शेरा: उसाचा हंगाम. अमान्य.’

आमच्याबरोबर नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो, वाटेवरचे लोक माताराम. वहिनींना दिवसाला दोन अनुभव यायचे, एक न्याहारीपूर्वी. त्या उत्साहानं सांगायच्या आणि काका चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “वेळ काय होती?” वहिनी गप्प. “बरं, म्हातारीच्या पायांत चपला होत्या?” चौथा माणूस सांगलीकडचे आबा. पंढरीच्या वाऱ्या करून पाय सागाच्या खोडासारखे झालेले. आबांचं सगळं तत्त्वज्ञान ‘चला’ या एका शब्दात होतं आणि तो शब्दही ते जपून वापरत.

तो दिवस बागली तहसिलीतल्या जंगलाचा होता. परिक्रमेच्या नकाशात ही जागा चमत्कारिक आहे. ओंकारेश्वरातून निघून दक्षिण तटानं समुद्र गाठायचा, नावेनं पलीकडे जाऊन उत्तर तटानं उलटं यायचं, आणि महिनोन्‌महिने चालून बडवाहला पोचावं तो समोर, मोरटक्क्याच्या पुलापलीकडे, जिथून निघालो तेच ओंकारेश्वर. बसनं गेलं तर चहा निवायच्या आत पोचू. पण मैया ओलांडायची नाही. ती सतत उजव्या हाताला ठेवायची. तेव्हा ओंकारेश्वराला लांबून हात जोडायचे, जयंतीमातेचं दर्शन घ्यायचं आणि देवास जिल्ह्यातल्या झाडीत शिरायचं. नेमावर गाठेपर्यंत साग, दगड आणि अधूनमधून कोरकू-बारेलांचे पाडे. काका या भागाला ‘एकाच शीर्षाखाली दोनदा खर्च’ म्हणत.

पिपरीहून पहाटे निघालो. निघालो म्हणजे, निघायची क्रिया सुरू झाली. परिक्रमावाशांची पहाट कोंबड्यानं होत नाही, प्लास्टिकच्या पिशव्यांनी होते. काकांच्या झोळीत चौदा पिशव्या. औषधाची, मोज्यांची, ओल्या मोज्यांची, पिशव्यांची. त्या अंधारात एकेक कुरकुरत उघडायच्या आणि एकेक कुरकुरत मिटायच्या. एका कोपऱ्यात जटाधारी बाबा झोपले होते. त्यांनी घोंगडीतूनच विचारलं, “महाराज, दुकान कब खुलेगी?”

माघातली थंडी. सेवेकऱ्यानं चुलीपाशी बोलावलं. “आओ, चाय प्रसादी लो. कितने मूर्ति हो?”

या वाटेवर माणसं मूर्तींत मोजतात. पाच मूर्तींचं जेवण, दोन मूर्तींचं आसन. काकांना हे एकक अतिशय आवडलं होतं. “चार मूर्ती,” ते करड्या आवाजात म्हणाले, “पैकी चहा घेणाऱ्या तीन, बिनसाखरेची एक.” मग त्यांनी परिक्रमेची वही पुढे केली. ओंकारेश्वरच्या नगरपरिषदेचं प्रमाणपत्र आणि आश्रमोआश्रमीचे शिक्के यांची ही वही सगळेच बाळगतात. पण शिक्का तिरका पडला तर दुसरा मागणारे काकाच. सेवेकऱ्यानं निमूटपणे दुसरा मारला. तोही तिरका. काका म्हणाले, “तिरपेपणात सातत्य आहे, चालेल.”

“सीतावाटिका कितनी दूर?”

“बस, ये रही. दो किलोमीटर.”

काकांनी वेगळं पान उघडलं. त्या पानावर दोन रकाने: ‘घोषित अंतर’ आणि ‘प्रत्यक्ष अंतर’. तिसऱ्यात तफावत. त्यांचं निरीक्षण असं की गुजरातेतला किलोमीटर दीड किलोमीटरचा असतो, निमाडातला दोनाचा, आणि जंगल लागलं की किलोमीटर हे लांबीचं माप राहत नाही, ते आशीर्वादाचं होतं. सांगणाऱ्याला तुम्ही दमलेले दिसता. तो दयाळू असतो, म्हणून तो जवळचा आकडा सांगतो. जितके जास्त दमलेले दिसाल तितकं गाव जवळ.

वाटेनं काकांनी बागलीची माहिती दिली, कारण त्यांनी ती आदल्या रात्री काढून ठेवली होती. बागली गाव वर, माळव्याच्या पठारावर. आपण चाललोय ते पठाराच्या दक्षिण उतरणीला. बागलीजवळच्या डोंगरात कालीसिंध उगम पावते, ती उत्तरेला वळते, चंबळेला मिळते. चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. आणि या बाजूचा ओढा मात्र नर्मदेत. “म्हणजे बघा,” काका थांबून काठी टेकून म्हणाले, “एका तहसिलीत पडलेला पाऊस अर्धा बंगालच्या उपसागरात जमा आणि अर्धा अरबी समुद्रात. ताळमेळ कोण घालणार?” आबा म्हणाले, “चला.”

देवासचं तर त्यांना विशेष प्रेम. एका गावात पवारांच्या दोन गाद्या, थोरली आणि धाकटी. दोन राजे, दोन दरबार, दोन खजिने. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे 1921 मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक खासगी कारभारी म्हणून राहिला आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिता झाला. शेवटी संस्थानाचा हिशेब एवढा बिघडला की महाराज निघून पाँडिचेरीला गेले आणि तिथंच 1937 मध्ये वारले. “वेळीच आमच्यातला एक माणूस पाठवला असता…” काका हळहळले. कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले हे वहिनींनी सांगितलं, तेव्हा काकांनी मान डोलावली; पण त्यात तपासण्यासारखं काही सापडलं नाही.

सीतावाटिकेला दर्शन झालं. सीतामाई इथं वाल्मीकींच्या आश्रमात राहिली, लव-कुश इथं वाढले, अशी इथली श्रद्धा. अशी श्रद्धा असलेल्या जागा देशात आणखीही आहेत हे काकांना माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “एकाच बाळंतपणाची अनेक बिलं. पण देवस्थानांचं ऑडिट आमच्याकडे नव्हतं.”

तिथून जरा वाकडी वाट केली की कावडिया पहाड. हा मात्र बघण्याजोगा आहे आणि त्याचं म्हणावं तेवढं कौतुक झालेलं नाही. एका मापानं घडवल्यासारखे पाचकोनी-सहाकोनी दगडी खांब, काही उभे, काही आडवे, लाकडाच्या वखारीत ओंडके रचावेत तशी रास. लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि त्याला असे कोन पडून तडे जातात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल याच कुळातली. एका दगडानं दुसऱ्यावर ठोकलं की घंटेसारखा आवाज येतो. आबांनी ठोकून बघितलं, आणि तोंडावर प्रथमच काहीतरी उमटलं.

शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यानं गोष्ट सांगितली. भीमाला नर्मदेशी लग्न करायचं होतं. ती म्हणाली, कोंबडा आरवायच्या आत माझा प्रवाह अडवून दाखव. भीम रात्रभर कावडीनं दगड आणत राहिला. कोंबडा आरवला. कावडी होत्या तिथंच पडल्या.

काका त्या राशीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. चेहरा गंभीर.

“काम अपूर्ण,” ते म्हणाले. “साहित्य जागेवर पडून. मुदत एका रात्रीची, मुदतवाढीचा अर्ज नाही. कंत्राटदार पसार.” मग जरा वेळानं, “वसुली कुणाकडून करणार? पांडवांकडे तेव्हा होतं काय?”

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाबाजी, भीम से नहीं हुआ, सरकार से हो गया.”

हो. खाली ओंकारेश्वरचं धरण 2007 मध्ये पुरं झालं आणि इकडचा काठ पाण्याखाली गेला. धाराजीला धावडीकुंड होतं. तिथल्या धबधब्यात दगड घुसळून घुसळून गुळगुळीत होत आणि बाणलिंग म्हणून देशभरातल्या देवघरांत जात. आपल्या आजोबांच्या देवघरातलं बाणलिंगही बहुधा इथलंच. ते कुंड आता दिसत नाही. त्याआधी, 2005 च्या एप्रिलमध्ये, धाराजीला अमावास्येची जत्रा भरलेली असताना वरच्या इंदिरासागरातून सोडलेलं पाणी रात्री आलं आणि घाटावरची माणसं वाहून गेली. म्हातारा हे सगळं ‘उस साल’ एवढ्यात सांगून मोकळा झाला. काकांचा हात झोळीकडे गेला होता. तो त्यांनी परत घेतला. पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि काकांनी तासाभरात एकदाही अंतर विचारलं नाही.

दुपारी वाट चुकली. सागाच्या जंगलात वाट चुकणं सोपं असतं, कारण माघात सागाची पानं गळून सगळी जमीन एकाच रंगाची होते. पायवाट आणि बिनपायवाट यांत फरक कळत नाही. पाणी संपलं. वहिनींनी डोळे मिटून ‘नर्मदे हर’ सुरू केलं. काकांचा नकाशा असं सांगत होता की आपण मैयाच्या पात्राच्या मधोमध उभे आहोत.

आणि मुलगी आली.

असेल आठ-नऊ वर्षांची. तांबडा झगा, केस पिंगट, हातात काठी, डोक्यावर स्टीलचा डबा. आम्हाला बघून थांबली, डबा उतरवला आणि आत होतं ते पुढे केलं: ताक. घट्ट, आंबट, मिठाची कणी घातलेलं. आम्ही चौघांनी ते झाकणातून आळीपाळीनं प्यायलं. तिनं काठीनं दिशा दाखवली आणि झाडीत शिरली. आम्ही तोंड पुसून वर बघतो तो ती नाही.

वहिनींच्या डोळ्यांतून धारा. “मैया… मैया होती हो.”

काकांचे हात थरथरत होते. मी बघितलं. सगळं जुळत होतं: वाट चुकलेली, पाणी संपलेलं, मुलगी, तांबडा झगा, अदृश्य. साक्षीदार तीन, तिघेही सज्ञान. काकांनी रजिस्टर उघडलं, दिनांक घातला, ठिकाण घातलं, स्वरूप लिहिलं. शेऱ्याशी येऊन पेन थांबलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा झाडीकडे. मी मनात म्हणत होतो, लिहा काका, लिहून टाका ‘मान्य’. कोण बघतंय?

“प्रत्यक्ष पडताळणी व्हायला हवी,” असं म्हणून काका झाडीत घुसले.

मुलगी पन्नास पावलांवर एका दगडामागे शेळीला बाभळीच्या काट्यातून सोडवत होती. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. घसा सुकलेला, शब्द फुटेना. त्यांनी नुसते हात जोडले. मुलीनं त्यांच्याकडे नीट बघितलं, शेळीचा कान डाव्या हातात घट्ट धरला, आणि सवयीनं उजवा पाय पुढे केला.

“महाराष्ट्र के हो?” तिनं विचारलं.

“हां.”

“तो कर लो.”

काका जागच्या जागी. मुलीनं समजावून सांगितलं. महाराष्ट्राचे सगळे करतात. तिच्या पाया पडतात, आजीच्या तर जास्तच. आजीच्या पाया पडून काहीजण रडतात. आजी आता घराबाहेर बसत नाही, तिला कामं असतात. “चॉकलेट है?”

काकांनी आधी रजिस्टर पुरं केलं: ‘शेरा: स्थानिक रहिवासी. अमान्य.’ मग झोळीतून शेंगदाण्याच्या चिक्कीची पिशवी काढून सबंध तिच्या हातात दिली. दीडशे ग्रॅमची घट त्या दिवशी कोणत्या सदरात पडली, ते मी विचारलं नाही. वहिनी मात्र ठाम होत्या. त्यांचं म्हणणं, मैया चिक्की खाऊ शकते.

रतनपूरच्या अलीकडे एका पाड्यावर संध्याकाळ झाली. आश्रम नाही, धर्मशाळा नाही. रस्त्याला लागून कुडाचं घर, समोर सारवलेलं अंगण, आणि घरधनी आम्ही दिसण्याआधीच ओरडला, “नर्मदे हर! आसन लगाओ महाराज, कहां जाओगे अब!” बायकोनं चूल पेटवली. मक्याचे टिक्कड, तुरीची पातळ डाळ, लाल मिरची वाटलेली. वाढताना हात आखडत नव्हता. आबांनी किती टिक्कड खाल्ले ते काकांनी मोजलं. मी सांगत नाही.

जेवण झाल्यावर काकांमधला अधिकारी जागा झाला. जमीन किती? दोन एकर, डोंगरउताराची. विहीर? नाही. म्हशी? एक होती. रोज किती परिक्रमावासी? घरधनी म्हणाला, येतात. कधी दोन, कधी वीस. देवउठनीपासून ते उन्हाळ्यापर्यंत. काकांनी पाठीमागच्या पानावर मांडणी सुरू केली. माणशी चार टिक्कड, टिक्कडाला शंभर ग्रॅम आटा, डाळ मूर्तीमागे पन्नास, मीठ-मिरची-सरपण वेगळं. गुणाकार केला. दोन एकरांचं उत्पन्न काढलं. वजाबाकी केली. पुन्हा केली. मग माझ्याकडे सरकून कुजबुजले, “हे बसत नाही.”

“काय बसत नाही?”

“हा माणूस तीन वर्षांपूर्वीच उपाशी मरायला हवा होता.”

त्यांनी घरधन्याला थेट विचारलं, “पूर्तता कहां से होती है?”

“मैया देती है.”

“हां, मगर किस मद में?”

घरधनी हसला. त्याला प्रश्न कळला नव्हता, पण पाहुणा कष्टी झालाय हे कळलं. तो उठून आत गेला आणि एक शाळेची वही घेऊन आला. परिक्रमावाशांची नावं लिहून घ्यायची वही बहुतेक ठिकाणी असते; याच्याकडेही होती. नाव, गाव, किती मूर्ती. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मला सबंध परिक्रमेत दिसला नव्हता. ओंकारेश्वरला नाही, गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीपुढे नाही, समुद्रावर तर नाहीच. दप्तर!

आमची आरती झाली, वहिनींची भजनं झाली, शेजारची चार घरं येऊन बसली आणि उठून गेली. काका कंदिलापाशी बसून बेरजा मारत होते. एकाही पानाची बेरीज पुढे ओढलेली नव्हती. दोन पानं उलटी शिवलेली. एका पानावर मुलांच्या शाळेचे पाढे. पुणे, नाशिक, सांगली, पुणे, डोंबिवली, पुणे, जबलपूर, पुणे. मी झोपलो तेव्हा ते पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा करत होते, आणि त्या खुणांचा आवाज एखाद्या किड्यासारखा रात्रभर चालू होता.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी घरधन्याला समोर बसवलं.

“ये देखो. ये आदमी. बारह तारीख को भोजन किया. तेरह तारीख को फिर इसका नाम है. एक ही आदमी दो दिन.”

घरधन्यानं वहीत डोकावून बघितलं. “हां. उसका पैर सूजा था.”

“मगर नियम एक रात का है ना?”

“पैर को नियम नहीं मालूम था, बाबाजी.”

काकांनी त्यावर विचार केला. मग झोळीतून कोरी वही काढली (ही वही ते घरापासून वाहून आणत होते आणि तिचं वजन सात किलो चारशेत होतं) आणि रेघा मारायला बसले. पट्टी नव्हती, तर परिक्रमेचा दंड पट्टी म्हणून वापरला. अनुक्रमांक, दिनांक, नाव, गाव, मूर्ती, आटा, डाळ, पूर्ततेचा स्रोत, शेरा. ऊन अंगणात आलं. आबा दोनदा ‘चला’ म्हणाले, म्हणजे प्रकरण हातघाईवर आलं होतं. काकांनी पहिल्या ओळीत आमची चार नावं लिहिली, आट्याचा आकडा अंदाजानं घातला, ‘पूर्ततेचा स्रोत’ या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी ‘मैया (तोंडी)’ असं लिहिलं. मग वही घरधन्याच्या हातात दिली आणि सूनबाईला बोलावून कसं भरायचं ते शिकवलं. सूनबाई पदराआडून हसत होती.

घरधन्यानं वही कपाळाला लावली. मग त्याला काही आठवलं. तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीतून दुसरी एक वही घेऊन आला.

“पिछले साल भी एक बाबाजी ऐसे ही लाइन मार के दे गए थे. महाराष्ट्र के ही थे.”

वही उघडली. पहिलं पान रेघारेघांनी भरलेलं, रकान्यांची नावं ठसठशीत मराठीत. पहिल्या ओळीत तीन नावं. पुढची सगळी पानं कोरी. म्हणजे कोरी नव्हेत, कुणीतरी प्रत्येक रकान्यात एकेक शेळी काढली होती. काही रकाने लहान होते, त्यांत करडं.

वहिनी हसू दाबत तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मी काकांकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वही डोळ्यांजवळ नेली, पहिलं पान वरपासून खालपर्यंत बारकाईनं वाचलं आणि मिटून परत दिलं.

“चुकीचा नमुना आहे,” ते झोळी खांद्याला लावत म्हणाले. “शेऱ्याला जागाच ठेवली नव्हती त्यानं.”